दाजींची मान आणि माळा

मेहुणा नुसता टेकला होता, बसला नव्हता, असं तो पुढे कितीतरी दिवस सांगत होता. पण संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार असलेल्या त्या आरामखुर्चीने दोन्हींतला फरक मानला नाही. मागचा पाय कटकन मोडला आणि स्वारी जमिनीवर आली.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खुर्च्या-सोफे मढवण्यात त्यांची उभी हयात गेलेली. ते रागावले नाहीत. मोडका पाय बघायला तेवढे गुडघ्यांवर बसले आणि तिथेच अडकले. पोट मध्ये येत होतं, धाप लागली होती, उठता येईना. ताई आतून धावत आली तेव्हा घरातले दोन्ही कर्ते पुरुष भुईवर होते. तिने नवऱ्याला उठवलं, भाऊ आपला आपण उठला. मग तिने जाहीर केलं की उद्या डॉक्टरबाईंकडे जायचं, आणि त्या नको म्हणाल्या तर माळा बंद.

दाजींचा चेहरा उतरला. माळ्यावर त्यांचं राज्य होतं. उभी लाकडी शिडी, उतरतं छप्पर, कापसाची पोती, खिडकीखाली बसायची जागा. तिथे त्यांना खालून मारलेली हाक ऐकू येत नसे, निदान ते तसं सांगत. अलीकडे मात्र कापूस वर ओढायच्या कप्पीला टोपली बांधून ताई चहा आणि खाणंही वर पाठवू लागली होती. सकाळी चढलेले दाजी संध्याकाळीच उतरत. जेवणानंतर तर हातोडी हातात तशीच धरून घोरत.

डॉक्टरबाईंनी छाती तपासली, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, पोटाचा घेर मोजला आणि मान वळवायला सांगितली. मानेच्या घड्या काळ्या पडल्या होत्या. ताई ओशाळली. कापसाची धूळ समजून ती मान ती रोज घासत होती, आणि दाजी निमूटपणे घासून घेत होते. बाई म्हणाल्या, हा मळ नव्हे, घासू नका. रक्तात इन्सुलिन फार झालं की अशी खूण उमटते. मधुमेह अजून झालेला नाही, पण उंबऱ्याशी येऊन उभा आहे.

पोटातली चरबी म्हणजे गप्प पडलेलं सामान नसतं, असं त्यांनी समजावलं. तिच्या पेशी ठासून भरल्या की कुरकुरतात, शरीराची शिबंदी धावत येते, आणि आत बारीकसा दाह चालूच राहतो. ना ताप, ना दुखणं. त्या गोंधळात यकृत आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. मग शरीर आणखी इन्सुलिन ओततं, आणि ते चरबीच्याच पथ्यावर पडतं.

"म्हणजे गादीत ठिणगी गेल्यासारखं," दाजी म्हणाले. "जाळ दिसत नाही, पण आतल्या आत कापूस धुमसतो."

"तसंच. पण वेळेवर आलात, अजून विझवता येईल."

सोबत आलेल्या मेहुण्याने इथे, कुणी विचारलं नसताना, आपण गोड अगदी कमी केल्याचं सांगितलं.

ताईने शिडीचं विचारलं, चहा-खाण्याच्या टोपलीचंही सांगितलं. दाजी टेबलाची कड न्याहाळू लागले. बाई म्हणाल्या, हृदय ठीक आहे, शिडी राहू द्या, टोपली काढा. राबणारा स्नायू साखर उचलताना इन्सुलिनची फारशी वाट बघत नाही. चहाला उतरा, जेवायला उतरा, जेवून थोडं फिरा, मग चढा.

कप्पीला पुन्हा नुसता कापूस लागला. सुरुवातीला दाजी प्रत्येक पायरीला शिव्या घालत उतरत. मग त्यांच्या लक्षात आलं की निम्म्या चहांसाठी उतरावंसं वाटतच नाही. काही महिन्यांत दुपारचं घोरणं थांबलं, रिपोर्ट सुधारले, मान उजळू लागली. ढगळ झालेली पँट त्यांनी सोफ्याच्या दोऱ्याने स्वतःच आत घेतली आणि ती शिवण ताईला मोठ्या कौतुकाने दाखवली. माळा बंद करायचा विषय परत निघाला नाही.

एका दुपारी मेहुणा आला. वर ठोकाठोक चालली होती. त्याने शिडीची एक पायरी चढून पाहिली, दुसरीचा विचार केला आणि तिथूनच हाक दिली, "दाजी, खालची खोली एवढी ऐसपैस आहे. मग वरच कशाला बसता?"

तोंडात धरलेले खिळे हातात घेऊन दाजी म्हणाले, "वर तू येत नाहीस."