बाबांनी भरलेलं पिंप

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर खडूने लिहिलेलं असे. वर तारीख, खाली घराचा नंबर आणि त्याखाली एक अक्षर. ‘त’ म्हणजे पाणी तपासलं, ‘न’ म्हणजे घरच्यांनी नकार दिला, ‘ब’ म्हणजे घर बंद. आमच्या स्वतःच्या दारावर सलग तीन आठवडे ‘ब’ होतं, आणि ते माझ्याच हातचं होतं.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली होती. डासांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्राचा छोटा गट भिवंडीत आला होता. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत हिवतापाचे डास नेमके कुठल्या पाण्यात वाढतात, हे त्यांना पाहायचं होतं, आणि सुट्टीत हाताखाली काम शिकायला एक विद्यार्थी हवा होता. कॉलेजातल्या बाईंनी माझं नाव दिलं. मला विचारलं नाही. त्या दिवसांत काहीही विचारलं तरी मी “चालेल” एवढंच म्हणत असे.

बाबांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. ते शाळेत कारकून होते. गेले त्या सकाळी नळाला पाणी आल्यावर त्यांनी नेहमीसारखं मोरीतलं पिंप भरलं, रबरी नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि कामावर गेले. अकराच्या सुमारास शाळेतून माणूस आला. पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. तेराव्यानंतर पाहुणे गेले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई त्या पिंपातलं पाणी घेत नाही. पाहुण्यांनाही तिने त्यातून घेऊ दिलं नव्हतं. पिंपावर एक फळी होती आणि फळीवर बाबांचं घडी केलेलं धोतर. वापरायचं पाणी ती हंड्या-कळशांत भरून ठेवी.  का, ते मी विचारलं नाही.

काम सोपं होतं. माझ्याबरोबर गटातले सर्वांत जुने, कशेळी गावचे एक काका असत. लांब दांड्याची पांढरी वाटी पाण्यात तिरकी बुडवायची, उजेडात धरायची आणि अळ्या मोजायच्या. घाणीत वाढणाऱ्या डासाची अळी डोकं खाली करून लटकते. हिवतापाच्या डासाची पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी पडते, आणि तिला स्वच्छ पाणी लागतं. “लटकलीय तं खाज, आडवी हाय तं ताप,” काका म्हणत. भिवंडीतल्या कामतघरला लूमच्या खटखटाटात मला आकडे ओरडून सांगावे लागत. मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा काका म्हणाले, “हाय, आवाज हाय पोरीला.” मोजणं मला जमत होतं. मोजताना दुसरं काही करावं लागत नाही.

आमची गल्ली पहिल्याच आठवड्यात आली. काका टोकाला चहाच्या टपरीवर फॉर्म भरत बसले होते. मी एकटी आमच्या दाराशी गेले. आत आई तांदूळ निवडत होती.

“तपासायला आलीस?”

“हो.”

“आणि सापडलं काही, तर?”

“पाणी ओतून टाकायचं. पिंप घासून कोरडं करायचं.”

ती परत सुपाकडे वळली. मी बाहेर आले आणि दारावर ‘ब’ लिहिलं. संध्याकाळी ती देवळात गेल्यावर मी फळी सरकवून पाहिलं. आडव्या होत्या. मोजल्या नाहीत. फळी आणि धोतर होतं तसं ठेवलं. पुढचे दोन आठवडेही दारावर ‘ब’च लिहिलं.

चौथ्या आठवड्यात आमच्या शेजारच्या खोलीतल्या लूम कामगाराला थंडी वाजून ताप भरला. बोटातून रक्त घेतलं. काचपट्टीवर हिवताप निघाला. त्याला गोळ्या सुरू झाल्या आणि गल्लीतलं प्रत्येक ‘ब’ घर उघडून बघायचं ठरलं. या वेळी काका माझ्याबरोबर दारापर्यंत आले. खडूची अक्षरं त्यांनी वाचली.

“तीन हप्ते घर बंद. आनि बंद घरातून फोडणीचा वास येतोय. नवीनच जात हाय ही घराची.”

शेजारचा बाहेर खाटेवर गोधडी घेऊन पडला होता. तो गोधडीतूनच म्हणाला, “बंद कहाँ है, चाचा? अम्माजी तो घर में ही रहती हैं. दीदी का ही तो घर है.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चपला काढून ते आत गेले.

“वैनी, बघू जरा.”

आईने धोतर उचलून हातात घेतलं. काकांनी फळी सरकवली, वाटी बुडवली आणि खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली.

“हे बाबांनी भरलंय,” मी म्हटलं. “त्या दिवशी.”

आमच्या घरात हे तोवर कुणी बोललं नव्हतं.

“बाहेरचा तो याच्यामुळे पडलाय का, भाऊ?” आईने विचारलं.

“कुठल्या पान्यातला डास कुनाला चावला ते डासाला बी ठावं न्हाय, वैनी. पन ह्या अळ्यांना आज काढायला पायजे.” मग आईच्या हातातल्या धोतराकडे बघून ते म्हणाले, “पानी ओतायलाच पायजे असं न्हाय.”

त्यांनी पिशवीतून बारीक जाळीचं कापड काढलं. हंडे, कळश्या, बादल्या, घरात होतं नव्हतं ते सगळं मांडून आम्ही ते पाणी तांब्या-तांब्याने गाळलं. आई कापडाचं एक टोक धरून उभी होती. पिंप आतून घासून पुसलं आणि पाणी परत आत ओतलं. सांडलं ते फार थोडं.

दारावर मी ‘त’ लिहिलं. ऑफिसात जाऊन गटाच्या प्रमुख बाईंना खरं सांगितलं. त्यांनी वहीतल्या तिन्ही नोंदींवर रेघ मारली आणि मला शेजारी सही करायला लावली.  मला वाईट वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी काका वळ गावच्या एका जुन्या विहिरीतून प्लास्टिकच्या पिशवीत मासे घेऊन आले. बोटाच्या पेराएवढे, राखाडी. “गप्पी मासे. अळ्या खातात.”

“गप्पी? बोलतात की काय?” आई म्हणाली.

“नाव गप्पी. हायेत गप, तुमच्या पोरीसारखे.”

आई हसली नाही. पण मासे पिंपात सोडून काका निघाले तेव्हा दारात येऊन तिने विचारलं, “पाणी आटलं तर मरतील?”

“मरतील. वरून भरत जा. पन नळाचं ताजं घालू नका. औषध असतं त्यात. बादलीत एक दिवस उघडं ऱ्हाऊ द्या, मंग घाला.”

शेजारचा आठवड्याभरात ड्युटीवर गेला. मे महिना होता, पिंपातलं पाणी रोज थोडं उतरत होतं. आतल्या पत्र्यावर आधीच्या पातळीची पांढरट रेघ दिसू लागली. आई सकाळी फळी सरकवून बघे आणि झाकून टाकी. मी तिला आठवण करून दिली नाही.

मग एका सकाळी नळाला पाणी आलं, तेव्हा तिने सगळी भांडी भरून झाल्यावर एक बादली वेगळी ठेवली. मी त्यातलं पाणी घ्यायला तांब्या बुडवणार, तेवढ्यात ती म्हणाली, “ते नको घेऊस. उद्याचं आहे.”

तिने बादलीवर धोतर पसरलं. दुसऱ्या दिवशी ती बादली तिने पिंपात ओतली, अगदी हळू, एका कडेने.