ज्याचं जास्ती, त्यानं मागं सरावं

गिरदावर घोडीवर बसण्याआधी तिची माफी मागत. कचेरीच्या ओट्यावर चढायचं, एक हात तिच्या मानेवर ठेवायचा, "माफ कर गं माय" असं हळूच पुटपुटायचं आणि मग टांग टाकायची. तहसीलदारापुढे ज्या माणसानं कधी मान खाली घातली नाही, तो रोज सकाळी एका घोडीपुढे ओशाळा होऊन उभा राही. घोडी चारही पाय रोवून भार घेई, कान मागे पाडी आणि लांब सुस्कारा टाकून चालू लागे. समोर बसलेले अर्जदार आपला अर्ज विसरून हे बघत बसत.

निजामाच्या राज्यात गिरदावर म्हणजे तहसीलदाराच्या हाताखालचा, गावोगाव फिरून शेतांच्या हद्दी तपासणारा अंमलदार. आमचे गिरदावर भोकरदनचे. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी वापरत नसे. मी तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होतो, आणि आम्हा दोघांची भाड्याची घरं एकाच मधल्या भिंतीला दोन्हीकडून टेकलेली होती. त्यांचं वय पंचेचाळिशीच्या पुढे, घराणं अंबडकडचं शेतकरी. अंगानं ते मुळात आडदांड, त्यात नोकरी फिरतीची आणि फिरती पाहुणचाराची. गिरदावर यायचे म्हटलं की पाटलाच्या घरी पुरण शिजे. नको म्हणणं हा त्या घराचा अपमान. अशा रीतीनं दहा-बारा वर्षांत अर्ध्या तालुक्याचं तूप त्यांच्या अंगावर जमा झालं होतं.

घोडीचं नाव चांदणी. रंगानं लाल, कपाळावर पांढरा ठिपका. गिरदावरांनी ती शिंगरू असताना आणली आणि हातानं वाढवली. एके वर्षी हिवाळ्यात केळणा नदीच्या पात्रातून येताना ती वाळूत मटकन खाली बसली. सोबत एका गावचे पाटील होते, चार कुळं होती. गिरदावर वाळूत उतरले, घोडीला उठवलं आणि लगाम धरून कसब्यापर्यंत पायी आले. नालबंदानं तिचे पाय चाचपले, पाठीवरून हात फिरवला आणि एकवार गिरदावरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साब, घोडी में कुछ नुक्स नई," तो म्हणाला, "बोझा कम करो, नई तो घोडी बदलो."

घोडी बदला, हेच सगळ्यांनी सुचवलं. मीही सुचवलं. बाजारात धिप्पाड घोडी मिळत होती. गिरदावर माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी त्यांना बायको बदलायला सांगितलं आहे.

"मास्तर, बांधाचा झगडा असला की मी काय करतो? ज्यानं दुसऱ्याच्या रानात नांगर घातला त्यालाच मागं सरकवतो ना? मंग हितं घोडीनं काय केलं? ती होती तेवढीच हाय. हद्द सोडून मी भायेर गेलो. ज्याचं जास्ती, त्यानं मागं सरावं. बराबर की न्हाई?"

हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. लाठ्या घेऊन समोरासमोर उभ्या राहिलेल्या भावांना त्यांनी केवळ हातातली मोजणीची साखळी आणि हे वाक्य यांच्या बळावर थोपवल्याचं मी पाहिलं आहे. आता ते स्वतःच्या पोटाला लावलं गेलं. त्याच दिवशी त्यांनी कमरेचा करदोटा सोडून नवा बांधला, पोटाला अगदी बेताचा, आणि तो ढिला होऊन चार बोटं आत जाईपर्यंत तूप, गूळ आणि भात बंद असं घरात जाहीर केलं. राहिली अर्धी भाकर, अंबाडीची भाजी आणि पाणीदार ताक.

घरी हे चाललं. गावोगाव मात्र हाहाकार उडाला. साहेब जेवत नाहीत, याचा त्या काळी एकच अर्थ होता, की साहेबांची मर्जी खप्पा झाली. एका गावी पाटलांनी पंचपक्वान्नं केलेली, आणि गिरदावरांनी अर्धी भाकर ताकाशी खाऊन हात धुतला. त्या गावात दोन भावांचा बांधाचा झगडा होता आणि दुसऱ्या दिवशी मोजणी व्हायची होती. सकाळी साखळी घेऊन रानात जातात तो बांधाचे दगड नांगराच्या तीन तासांइतके आत सरकलेले आणि थोरला भाऊ हात जोडून उभा.

"सायेब, माझंच चुकल्तं. तुमी काल पाटलाच्या घरी अन्न टाकलं, तवाच म्या वळखलं. आता तरी जेवा."

"अरे बाबा, म्या पोटापायी जेवलो न्हाई. हे बघ, करदोटा बघ माझा."

कुणी विश्वास ठेवला नाही. गिरदावरांच्या उपासाला पाप दिसतं अशी बोलवा झाली, आणि त्या हंगामात मोजणीआधीच मिटलेले झगडे कचेरीत चर्चेचा विषय झाले. गिरदावरांना याचं वाईट वाटे. "फुकटची कीर्ती हाय ही," ते म्हणत, आणि पुढच्या गावी पुन्हा अर्धीच भाकर खात.

नुसत्या कमी खाण्यानं मात्र करदोटा दोन बोटांवर अडला. वैद्य म्हणाले, उन्हं वर यायच्या आत घाम निघाला पाहिजे. गिरदावरांनी नमस्कार घालून पाहिले; कपाळाआधी पोटच जमिनीला लागे. बैठका काढायला गेले तर तिसऱ्या बैठकीला खाली राहिले ते राहिलेच, आणि गिरदावरीणबाईंनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. दोघांनी मिळून त्यांना उठवलं. बाई कडेला उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "अवं, गुडघ्याचंच दुखणं हाय ना? मंग जातं वढा. बसून वढायचं असतंय. माझा खांदा बी आता चालत न्हाई."

पिठाच्या गिरणीची नवलाई तेव्हा जालन्यात पोचली होती. भोकरदनला घरोघर जातीच. आणि जातं बाईचं. बाप्या माणसानं खुंट्याला हात लावला तर गावाला वर्षभर हसायला पुरे. तिसऱ्या दिवशी गिरदावरांनी मला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, भिंत तुमची-आमची एकच हाय. तुमाला कळणारच, म्हणून सांगून टाकतो. उद्यापासून म्या दळून राह्यलो. पर ही गोष्ट तुमच्या पोटातून भायेर जायला न्हाई पायजे. ज्याच्या हातात जात्याचा खुंटा पाहिला, त्याच्या हातातल्या साखळीला उद्या कोण मानील? दोन भाऊ एकमेकांची डोकी फोडतील, पर माझं ऐकणार न्हाईत." मी वचन दिलं, आणि ते बायकोलाही न सांगता पाळलं. याचा मला पुष्कळ अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडे जातं सुरू झालं आणि त्यावर गिरदावरीणबाईंची ओवी. युक्ती बाईंचीच होती. साहेब खुंटा ओढत, त्या समोर बसून दाणे टाकत आणि गात. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बाई दळताहेत. बाईंचा आवाज जाडसर आणि मोकळा होता, आणि विनोदबुद्धी साहेबांपेक्षा धारदार. गुपित राखायच्या ओवीतच त्या गुपित गात:

"अर्धी भाकर ताटामंदी, अर्धी ठिवली शिक्यावरी,
माझ्या राजाचा गं भार, घोडी वाहती पाठीवरी."

पुढच्या उन्हाळ्यात करदोट्यात चार बोटं गेली. गिरदावरांनी ती मला कचेरीच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत घालून दाखवली. चांदणी केळणेच्या पात्रातून न थांबता पार झाली. ओट्याचीही गरज उरली नाही, गिरदावर जमिनीवरून रिकिबीत पाय घालून बसू लागले. माफी मागायची सवय तेवढी राहिली. दळणही राहिलं, ते सोडलं की पोट पुन्हा बांध ओलांडतं, हे त्यांनी एका दिवाळीत अनुभवलं होतं. अशी चार वर्षं गेली.

पाचव्या वर्षी भादव्यात गिरदावरीणबाईंना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. तेराव्यानंतर मुलगी सासरी गेली, मुलगा हैदराबादेस नोकरीवर परतला. भाकरी करायला दुपारी एक म्हातारी येई. भिंतीपलीकडचं जातं बंद पडलं. गिरदावर फिरतीवर जात, लोक पुढे ठेवतील ते खात, आणि कुणी आग्रह केला तर पुन्हा वाढून घेत. अंगावर पुन्हा मांस चढलं. कार्तिकात एक दिवस मी पाहिलं, ते पुन्हा ओट्यावर चढून घोडीवर बसत होते, आणि चांदणीनं तो जुना लांब सुस्कारा टाकला. तो आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि त्यांनाही वाटलं असणार, कारण ते तसेच खाली उतरले.

"मास्तर, अतिक्रमण होऊन राह्यलं," संध्याकाळी ते म्हणाले.

"मग सुरू करा की दळण."

"कसं करू? घरात बाई न्हाई हे साऱ्या कसब्याला ठावं हाय. मुकं जातं वाजाया लागलं तर कोण वढतंय हे लेकरू बी सांगील. आन न्हाई करावं, तर ही बिचारी पुन्हा वाळूत बसंल. आता तिला उठवत न्हाई माझ्यानं."

दोन दिवसांनी पहाटे मी जागा झालो तो भिंतीपलीकडे जात्याची घरघर येत होती. ती चोरासारखी चाले. रस्त्यात पाऊल वाजलं की थांबे, मग पुन्हा दोन फेरे. एवढ्यात माझी बायको उठली, पदर खोचून आमच्या जात्यापाशी जाऊन बसली आणि माहेरच्या, भावाच्या ओव्या गाऊ लागली. तिचे हात मांडीवर होते. जात्यात दाणा नव्हता. भिंतीपलीकडची घरघर क्षणभर थांबली, आणि मग एका लयीत, न अडखळता सुरू झाली. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, मास्तरीणबाई दळताहेत.

दळण संपल्यावर मी तिला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? बाईचा हात आन बाप्याचा हात जात्यावर येगळा वाजतोय. पयल्याच दिशी कळल्तं. गल्लीतल्या समद्या बायांना ठावं हाय."

"पाच वर्षं?"

"न्हाई तर काय! एकीनं बी नवऱ्याला सांगितलं न्हाई."

"मग आता गायचं कशाला? सगळ्यांना ठाऊकच आहे तर?"

तिनं माझ्याकडे, शाळेत मी ढ मुलाकडे बघतो, तसं पाहिलं. "आमाला ठावं हाय, हे त्यांना ठावं न्हाई ना," ती म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

गिरदावरांना पेन्शन मिळेपर्यंत, म्हणजे पुढे जवळपास तीन वर्षं, ती रोज पहाटे गायली. ते फिरतीवर असले की तेवढी सुट्टी. तापातसुद्धा एकदा गायली. आमच्या दोघांत पुन्हा हा विषय निघाला नाही आणि गिरदावरांनीही कधी काढला नाही. करदोट्यात बोटं जात राहिली. चांदणी म्हातारी झाली, पण वाळूत पुन्हा बसली नाही.

गिरदावर अंबडकडे आपल्या गावी जायला निघाले तेव्हा मी त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेलो. सामानाची बैलगाडी पुढे गेली होती. बोलत बोलत आम्ही वेशीत थांबलो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, तुमी वचन बराबर पाळलं. आठ वर्षं दळलं म्या, पर गल्लीत एकाला बी पत्ता लागला न्हाई."

"बिलकूल नाही, गिरदावरसाहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग चांदणीच्या मानेवर हात ठेवला, "माफ कर गं माय" म्हणाले आणि जमिनीवरून सहज वर बसले. दोघंही वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो.

घरी आलो तर मागच्या दाराशी बायको उभी होती. तिच्या पायाशी गिरदावरांचं जातं होतं. पाथरवटाकडून टाकीचे नवे घाव घालून घेतलेलं, धुऊन कोरडं केलेलं, आणि खुंट्याला त्यांचा जुना करदोटा गुंडाळलेला. गाडीवाल्यानं निघण्याआधी ते उतरवून ठेवलं होतं आणि निरोप दिला होता, मास्तरीणबाईंना द्यायला सांगितलंय.

ती खाली वाकली आणि खुंट्यावरच्या करदोट्यावरून तिनं हात फिरवला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "म्हंजी त्यांना ठावं व्हतं."