टोनचं बटण

गिटारचा आवाज खरखरीत करणारं माझं फझ पेडल मी स्वतः बनवलं होतं. पत्र्याच्या जेवणाच्या डब्यात दोन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि वर एकच बटण, आवाज कमी-जास्त करायचं. गिटारची वायर त्यातून गेली की साधी तारही रानटी होऊन गुरगुरायची. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी दुपारी मी वाजवायचे आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसायचे.

बाबांची सगळी नोकरी वाळूजच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या प्रेस शॉपमध्ये गेली. कान निम्मे तिथंच राहिले. रिटायर झाल्यावर कानाचं मशीन आलं. माझं वाजवणं संपलं की ते मान डोलवून म्हणायचे, "लई छान." मला कोण आनंद व्हायचा.

एका रविवारी मधेच थांबून मी विचारलं, "बाबा, जरा हळू करू का?"

ते माझ्याकडं बघून हसले. "लई छान."

तेव्हा कुठं माझं लक्ष त्यांच्या सदऱ्याकडं गेलं. मशीन खिशात होतं.

मी आत गेले, तर आई म्हणाली, "त्यांना टोचतं गं ते. कानात सुई गेल्यागत होतं म्हणं. तू सुरू केलं की मशीन काढून ठेवतात. तुला सांगू नको म्हणले."

त्या दिवशी पुढं काही वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पेडल पिशवीत घालून शहरात गेले. सिटी चौकाच्या मागं एक म्हातारे चाचा रेडिओ दुरुस्त करायचे. सुटे पार्ट मी त्यांच्याकडूनच घ्यायचे. त्यांनी डबा उघडून पाहिला.

"बेटा, इसमें टोन का बटन कायकू नइं डाली?"

"मला गरज नाही वाटली, चाचा."

"तेरेकू नइं वाटली. सुननेवाले कू?" मग हळूच मराठीत म्हणाले, "एक कपॅसिटर लाव. टोचणारा आवाज तो खाऊन टाकतो. किती खायचा, ते बटण ठरवतं."

घरी येऊन डब्याला दुसरं भोक पाडलं, बटण बसवलं, कपॅसिटर जोडला. पहिला फारच खादाड निघाला. गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी वाटायला लागली. तो काढून लहान लावला.

रविवारी बाबांना म्हणाले, "मशीन घाला."

चोरी पकडल्यासारखे ते आईकडं बघायला लागले. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "मी वाजवते, तुम्ही फिरवा."

मी एकच तार छेडत राहिले. सुरुवातीला त्यांचा चेहरा आक्रसला. मग त्यांनी बटण फिरवायला घेतलं, केसभर इकडं, केसभर तिकडं. आयुष्यभर प्रेसचे डाय, म्हणजे साचे, अचूक बसवलेली ती बोटं होती. हळूहळू कपाळावरची आठी गेली.

"थांब. हितं."

आईनं कपाळावरची टिकली काढली आणि डब्यावर बरोबर त्या जागी चिकटवली.

मग मी पूर्ण गाणं वाजवलं. बाबांनी मान डोलवली नाही. डोळे मिटून, जरा पुढं वाकून ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मधी एक जागा चुकलीस का गं?"

"व्हय बाबा, चुकले."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला हसावं की रडावं कळेना. "पुन्हा वाजीव बरं."