पंधरा वर्षांनंतरचं पासिंग

माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणारं तर आजवर कुणी झालेलं नाही. तीन वर्षांच्या शिक्षणाच्या जोरावर लोकांपुढे काही मांडायला बसणं हे जरा जास्तच आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. विषयही मोठा नाही. एक जुनी मोटारसायकल घ्यायची होती.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरच्या वसतिगृहाचं पाणी संपलं आणि आम्हा मुलांना गावी पाठवण्यात आलं. प्रॅक्टिकल मात्र ठरल्याप्रमाणे, सकाळी आठला होणार होती. आमचं गाव उदगीर-लातूर रस्त्यापासून बरंच आत. पहिली एसटी लातूरला पोचायची दहाला. पहाटे दुधाचा टेम्पो जायचा, पण जनावरांचं दूध आटल्यावर तो एक दिवस यायचा, दोन दिवस यायचा नाही. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तीन गैरहजेऱ्या झाल्या की वर्ष वाया. नाहीतरी चारा नव्हताच, म्हणून वडिलांनी दोन शेळ्या विकल्या आणि गाडी बघ म्हणाले.

माझे मामा नांदेडला ऑटो चालवतात. त्यांच्या ओळखीचे एक भांड्यांचे दुकानदार होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. कपाळावर विभूती, बोलणं हळू. गुडघे दुखतात म्हणून ते आपली गाडी विकत होते. निघताना वडील म्हणाले, "बैलाचे दात मी बघत असतो. हिचे कागद तू बघ. शिकलेला तू हाईस."

त्या एका वाक्याचं मला ओझं झालं. आमच्याच गल्लीतल्या एकाने बाजारातून घेतलेली गाडी पोलिसांनी धरून नेली होती, कारण तिची पंधरा वर्षं उलटली होती आणि पासिंग केलेलं नव्हतं. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. तिथले साहेब तपासतात, मग पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर चालते. आप्पांच्या गाडीला सोळा झाली होती.

मामांनी किक मारली. एका दमात चालू झाली. ते कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, इंजिन चांगलंय. मला त्या आवाजातलं काही कळत नव्हतं. मी आरसी बुक मागितलं. आप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीतून अख्खी फाईलच काढली. विम्याचे कागद, दर सहा महिन्यांची पीयूसी, एकही चिठ्ठी गहाळ नाही. हे पाहून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, इतके नीट कागद कोण ठेवतं? ज्याला कधीतरी ते दाखवावे लागणार असतात तोच.

मी इंजिन नंबर पुसून पुसून जुळवला. चेसिस नंबर जुळवला. पीयूसीवरच्या फोटोतली नंबरप्लेट आणि समोरची प्लेट यांचे खिळेसुद्धा मोजले. मामा वैतागून म्हणाले, "भाच्या, गाडी घ्यायला आलास का हिची सोयरीक जुळवायला?"

मग पासिंगचा शिक्का पाहिला आणि थांबलो. त्यावरची तारीख मला पाठ होती. आदल्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायची ती शेवटची तारीख होती, आणि नेमका त्याच दिवशी नवीन जिल्ह्यासाठी बंद पुकारला होता. एसटी उभ्या, दुकानं, ऑफिसं सगळी बंद. मी तेव्हा गावी आलो होतो, फॉर्म घेऊन निम्म्या वाटेपर्यंत पायी गेलो होतो. अशा दिवशी गाडी तपासली कुणी?

आप्पांना विचारायचं धाडस झालं नाही. वडीलधाऱ्या माणसाच्या दुकानात बसून, त्यांचा चहा पिऊन, तुमचा शिक्का खोटा आहे का असं कसं विचारणार? विचार करून सांगतो म्हणालो आणि गावी आलो. कॉलेजात माहितीच्या अधिकाराबद्दल ऐकलं होतं. अर्ज लिहिला, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावलं, आणि या गाडीची तपासणी कधी, कशी झाली ते कळवावं म्हणून नांदेडच्या आरटीओला पाठवून दिला. कुणाला सांगितलं नाही. आपण फार हुशारीने वागलो असं मला वाटत होतं.

त्या काळात नेमका प्रॅक्टिकलच्या दिवशी टेम्पो दोनदा आला नाही. माझ्या दोन गैरहजेऱ्या लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली. आप्पांना सरकारी पत्र आलं होतं. अमुक अर्जदाराने तुमच्या वाहनाची माहिती मागितली आहे, तुमची हरकत असल्यास कळवावे. अर्जदार म्हणून माझं पूर्ण नाव, गावासकट. दुसऱ्याची माहिती मागितली की त्यालाच आधी विचारतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी नांदेडला जाऊन मामांसोबत आप्पांच्या दुकानात गेलो. आप्पांनी पत्र समोर ठेवलं आणि कशाचा संशय आला ते शांतपणे विचारलं. मी बंदचं सांगितलं.

"बंद तुमच्या उदगीरकडं होता, बापू. नवा जिल्हा तुम्हाला पायजे. आमच्याकडं हायच की जिल्हा, आम्ही कशाला बंद ठेवावं?"

मामांनी मान खाली घातली. माझ्यासाठी त्या दिवशी जग बंद होतं; नांदेडला ऑफिस उघडं असेल हे डोक्यात आलंच नव्हतं. मी माफी मागितली. पैसे खिशात आहेत, आत्ताच गाडी नेतो म्हणालो.

आप्पांनी पत्राची घडी घातली. "न्हाई. हरकत न्हाई म्हणून लिहून दिलंय मी. आता उत्तर येऊ द्या सरकारचं. तवर कुणालाच देत न्हाई. तुम्हालाबी न्हाई."

मला ते मानी माणसाचं बोलणं वाटलं. परत येताना मात्र एसटीत पुन्हा शंका आली, की हे थांबवून का ठेवतायत? मग स्वतःचीच लाज वाटली.

उत्तर आलं तेव्हा शेवटचं प्रॅक्टिकल परवावर होतं. सदर वाहन त्या तारखेस प्रत्यक्ष हजर करण्यात आले, तपासणीत योग्य आढळले, खाली सही आणि गोल शिक्का. मी ते वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मामांना फोन लावला, उद्या सकाळी पैसे घेऊन येतो म्हणून.

मामा म्हणाले, गाडी काल गेली. आप्पांनी ऑफिसात जाऊन त्याच उत्तराची नक्कल काढली होती. अर्धापूरचा एक केळीवाला आला, तर ती त्याच्यापुढे ठेवली. सरकारने तपासून लिहून दिलेली गाडी म्हणून त्याने घासाघीस केली नाही, उलट आपल्याला सांगितला होता त्यापेक्षा जास्त भाव दिला.