इरम्माचा आंबा आणि एक इंग्रजी क्रियापद

विरुपाक्ष अर्जनवीस उमरग्याच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसायचा. वीस वर्षं त्यानं उर्दूत अर्ज लिहिले. लिहिलेला शब्द न् शब्द उकलून सांगितल्याशिवाय तो कुणाचा अंगठा घेत नसे. म्हणून घाईची माणसं त्याच्याकडं फिरकत नसत. निजामाचं राज्य गेलं, मद्रासकडचे साहेब आले, त्यांना इंग्रजी लागे. पन्नाशीला टेकलेल्या विरुपाक्षानं सोलापुराहून जाडजूड कोश आणला आणि शाळकरी पोरासारखा घोकायला बसला.

एकोणपन्नास सालच्या चैत्रात बंडप्पा थोरल्या बहिणीला, इरम्माला, घेऊन आला; कचेरीसमोर इंग्रजी लिहिणारा दुसरा कुणी नव्हता. बापानं बांधावरचा आंबा तिच्या नावानं लिहून दिला होता. बंडप्पाला तो तोडून लाकूड विकायचं होतं.

“अक्कानं झाड सोडलं, एवढंच लिवा. पण इंग्रजी भारी घाला, अप्पा.”

विरुपाक्षानं भारीतलं क्रियापद हुडकून काढलं: रिलिंक्विश. त्याचा हा पहिलाच इंग्रजी दस्त. अक्षर असं वळणदार उतरलं की त्याचं त्यालाच बरं वाटलं. हा कागद साहेबाच्या मेजावर जावा, असं त्याला फार वाटत होतं. तरी सवयीनं तो इरम्माकडं वळला.

“ह्यो शब्द लॅटिनातून आलाय, बाई. मुळात अर्थ, मागं ठेवून निघून जाणं. राजा गादी सोडतो, माणूस हक्क सोडतो, आशा सोडतो, तिथं ह्योच वापरतात.”

“अप्पा, तुमी दस्त लिवता का पुराण सांगता?” बंडप्पा म्हणाला.

इरम्मा मात्र पुढं सरकली. “आन् जे आपलं न्हायच, ते सोडायला चालतो का ह्यो?”

विरुपाक्षानं एकदा आपल्या अक्षराकडं पाहिलं. “न्हाय. आधी हातात असावं लागतं.”

“म्हंजे झाड अजून माझंच हाय?”

“तुमचंच. अंगठा दिलात तर जाईल.”

इरम्मानं भावाकडं पाहिलं. “तू तर म्हणलास, नव्या राज्यात लेकींची झाडं आपसूक भावाची झाली. निस्ता अंगठा लागतो.”

बंडप्पा लिंबाच्या फांद्या निरखू लागला. “तसं लोक म्हणत हुते, अक्का.”

“लोक लई शाणे.” तिनं हात पदराखाली घेतला. “अप्पा, ऱ्हाऊ द्या तुमचा कागद. लई चांगला शब्द हाय, पर मला नको.”

विरुपाक्षानं दस्त उभा फाडला. का कोण जाणे, त्याला हसू येत होतं.

“ऊठ, बंडप्पा,” इरम्मा म्हणाली. “कैऱ्या उतरायला आल्यात. वर चढायला तूच लागशील. निम्म्या तुझ्या.”

बंडप्पा गाडी जुंपायला गेला.