भाट्याच्या वाळूतला मणका

दातार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाट्याला जायला म्हणून चपला घालत होते. रविवार होता, ओहोटी सकाळची होती. सर अंथरुणाला खिळल्यापासून मी एकटीच किनाऱ्यावर फेरी मारायची आणि काय सापडलं ते त्यांना जाऊन सांगायची. सुमनवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "बाई, गेले हो हे..." मी चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि तशीच त्यांच्या घरी गेले. त्याला आता महिना उलटून गेला. सरांवर काहीतरी लिहा, असं शाळेतले जुने सहकारी तेव्हापासून सांगतायत. आधी रडू यायचं म्हणून लिहिलं नाही. आता राग येतोय, म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. "अंदाज नको, मोजून सांग," हे त्यांचं वर्गातलं पालुपद. मुख्याध्यापकांच्या मुलाला अर्धा गुण वाढवून द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझ्या नव्या साडीचं कौतुक केलं, तेव्हा सर वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले होते, "रंग विटका आहे, बाई. परत करून या." असा माणूस! त्यांनी अमुक आहे म्हटलं की ते आहेच, असं मी धरून चालायची.

माझे यजमान गेले त्या वर्षी मी बोलणंच टाकलं होतं. शाळेत शिकवायचं तेवढं शिकवायचं आणि घरी येऊन दार लावून घ्यायचं. सर आणि वहिनी मला दर रविवारी ओढून भाट्याला न्यायचे. एकदा मोठं उधाण येऊन गेल्यावर खाडीच्या तोंडाशी वाळूत मला तो सापडला. मुठीएवढा, काळाकुट्ट, वजनाला जड असा मणका. सरांनी तो रुमालाने पुसला, जिभेला लावून पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "चिकटतोय जिभेला, जीवाश्म चिकटतात तसा. पण तेवढ्यावरून ठरत नाही. तापलेलं दाभण टोचायचं. नुसतं हाड असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो. पार दगड झालेलं असेल, तर नाही येत."

"मग टोचू या की!" मी म्हटलं. कित्येक महिन्यांत इतक्या मोठ्याने मी बोलले नव्हते.

"आठ दिवस माझ्याकडे राहू दे. भिंगाखाली बघतो." पुढच्या रविवारी त्यांनी तो परत आणून दिला. "जीवाश्म असू शकेल, बाई. लाखो वर्षांपूर्वीचा. पण टोचाटोची नको, वस्तू खराब होते."

मग काय विचारता! मी पुस्तकं आणली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवलं, दिसेल त्याच्याशी त्या मणक्याबद्दल बोलत सुटले. दर रविवारी आम्ही त्याच प्राण्याचा दुसरा मणका शोधायचो. सर कमरेवर हात ठेवून पुढे, मी मागे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी तो काचेच्या पेटीत मांडला तेव्हा बाहेरगावचे एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. ते हसून म्हणाले, "खाडीच्या चिखलात पडलेलं हाडही असंच काळं पडतं. दाभण तापवून पाहिलंत का?" मी भांडले त्यांच्याशी, सगळ्यांदेखत. आमच्या दातार सरांनी पाहिलंय, म्हणून ठणकावलं. त्यानंतर स्टाफरूममध्ये 'बाईंचं हाड' ही थट्टा मी निवृत्त होईपर्यंत चालली. त्या दिवशी सर माझ्या शेजारीच बसले होते. बशीतले पोहे चिवडत, मान खाली घालून...

सरांचं दिवसकार्य आटोपल्यावर मी वहिनींकडे गेले. त्या स्वयंपाकघर आवरत होत्या. सरांच्या सवयींबद्दल बोलता बोलता त्या हसल्या. "काय एकेक उद्योग हो ह्यांचे! तुमच्या त्या मणक्याला गॅसवर दाभण तापवून टोचलंन, तर घरभर केस जळाल्याची घाण सुटली. मी ओरडले सुद्धा."

"कधी?" मी विचारलं.

"तुम्हाला सापडला ना, त्याच आठवड्यात." माझा चेहरा बघून त्यांचा हात थांबला. "बाई, तुम्ही तेव्हा कुणाशी बोलत नव्हतात. त्या हाडापायी बोलायला लागलात. ह्यांना सांगवेना हो मग..."

घरी येऊन पेटी उघडली. मणका उलटा करून उजेडात धरला. खालच्या खोबणीत काळपट मेणाचा एक ठिपका होता. टाचणीने उकरला, तर आत दाभणाचं भोक. इतकी वर्षं तो माझ्या घरात होता आणि मला दिसला नव्हता. सरांचं काम नेहमीच नीटनेटकं.

वहिनी म्हणतात ते मला कळतं. पण ते काही दिवसांपुरतं. पुढे मी चांगली हसत-बोलत होते, तेव्हा का नाही सांगितलंत, सर? प्राध्यापकांसमोर माझं हसं होत होतं तेव्हा? विटक्या साडीचं मला तोंडावर सांगणारे तुम्ही! मला वाटायचं, दोन माणसं मिळून काहीतरी शोधतायत. शोधत मी एकटीच होते, आणि तुम्ही मला फिरवून आणत होतात. माझी कीव केलीत तुम्ही, आणि मी तिला मैत्री समजले. तुमच्याशी भांडायचीही सोय ठेवली नाहीत.

परवा मी दाभण आणलं. गॅसवर लाल होईपर्यंत तापवलं आणि सरांच्या भोकाशेजारी टोचलं. वास आला. माहीत असूनही डोळ्यांत पाणी आलं. मणका पुन्हा पेटीत ठेवलाय, पण आता उलटा. एक भोक त्यांचं, एक माझं. मेण मात्र मी कुठल्याच भोकात भरलेलं नाही.