लीड्सचं घर आणि आजीची सही

घर घ्यायचं ठरलं की घराआधी किस्सेच राहायला येतात. आमचं घर तर लीड्सला, म्हणजे सातासमुद्रापार! तिथं अमितनं, माझ्या मुलानं, छोटंसं घर पसंत केलं. बाकीचं कर्ज तिथली बँक देणार होती, पण सुरुवातीची रक्कम महिन्याच्या आत भरायची, नाहीतर घर दुसऱ्याला. सासूबाईंनी कुरुंदवाडचा आपल्या नावावरचा प्लॉट विकला आणि म्हणाल्या, "पाठवा पोराला." मी अंबाबाईला बोलले, किल्ली हातात येईपर्यंत चहा बंद. हे म्हणाले, "बरं झालं, दूध तरी उरंल!"

*

हे सासूबाईंना घेऊन बँकेत गेले. साहेबांनी विचारलं, "पैसे कशासाठी पाठवताय?"

"नातवाला घर घ्यायला."

"मग गिफ्ट लिहितो."

हे खवळले. "गिफ्ट वाढदिवसाला देत्यात, साहेब. ह्यो त्याचा हक्क हाय!"

साहेब हात जोडून म्हणाले, "काका, फॉर्मात हक्काचा रकानाच नाही हो!"

*

पाउंड जरा उतरला, तो नेमका अमावस्येला. साहेबांचा फोन, "आजच पाठवा, उद्या भाव चढेल." माझा जीव वरखाली. गुरुजींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, पैसे पोचायला दोन दिवस लागतात ना? मग पोचणार शुद्ध पक्षात. आणि लक्ष्मी घरातून निघते कधी हे कुणी बघत नाही, पोचते कधी ते बघतात."

मी निर्धास्त झाले. हे मात्र पुटपुटले, "गुरुजींना बँकेतच घ्यायला पायजे!"

*

नेसरीचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, घराचे फोटो बघायला आले. मोबाईल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "वैनी, ह्ये घर शेजारच्या घराला चिकटलंय की!"

"हो, मधली भिंत सामाईक आहे."

"सामाईक?" भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. "मग शेजाऱ्याशी भांडण आत्ताच करून घ्या म्हणावं. पुढं पोरं मोठी झाली की वेळ मिळत न्हाय!"

*

कर्ज पंचवीस वर्षांचं, हे ऐकल्यावर सासूबाईंनी बोटं मोजली. "म्हंजी अमित साठीला टेकल्यावर घर त्याचं. तवर कुणाचं?"

"बँकेचंच म्हणायचं, आई."

"मग छप्पर गळलं तर बँकेलाच वर चढवा!"

*

मुदत संपायला एकच दिवस राहिला आणि तिथल्या वकीलबाईंचा कागद आला. पैसे देणाऱ्यानं लिहून द्यायचं, की ही रक्कम परत मागणार नाही, या घरावर माझा हक्क नाही आणि मी तिथं राहणार नाही. मी वाचून कागद ह्यांच्यापुढं सरकवला. ह्यांनी तो उलटा करून ठेवला. "आईला ह्ये मी वाचून दाखवणार न्हाय."

पण सहीशिवाय घर मिळणार नव्हतं. शेवटी व्हिडिओ कॉल लागला. एका चौकटीत वकीलबाई, दुसऱ्या चौकटीत अमित आणि इकडं पदर सावरून बसलेल्या सासूबाई. वकीलबाई हळू आवाजात बोलल्या. अमितनं मान खाली घालून मराठीत सांगितलं, "आजी, त्या विचारतायत, हे घर तुझं नाही, तिथं राहायचा तुला हक्क नाही, हे तुला समजलंय ना?"

सासूबाईंनी पेन मागितलं. सही करता करता म्हणाल्या, "समजलं म्हणावं. म्या कशाला ऱ्हातीया तिथं? पर नातवाच्या घरी चार दीस पावणी म्हणून यायचं झालं, तर त्याला बी सही लागती का, तेवढं त्या बाईस्नी इचारून घे की!"



वकीलबाईंनी इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाल्या आजी?"

अमितनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शी सेज येस," तो म्हणाला.